पेन्शन आणि वृद्धाश्रम यांच्या मधले रिकामे अंतर: बेळगाव जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बेळगाव,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

भारतीय राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याची मुभा दिली आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. भाषेचा उल्लेख पहिल्याच वाक्यात आल्यामुळे हे सीमाप्रश्नावरचे आणखी एक निवेदन असावे असा आपला समज होईल, म्हणून आधीच सांगतो की माझा विषय वेगळा आहे. म्हातारपणी माणसाने कोठे राहावे, कोणाच्या आधाराने राहावे आणि तो आधार आपल्या जिल्ह्यात कोठे मिळतो, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे. भाषेचा मुद्दा पुढे येईल, पण तो रुग्णाच्या उशाशी येईल.

मी बेळगावातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझे वय ६८ आणि माझ्या आईचे ८९. कायद्याने साठ वर्षे पूर्ण केलेला प्रत्येक जण ज्येष्ठ नागरिक ठरतो. म्हणजे आमच्या घरात तीन ज्येष्ठ नागरिक आहेत आणि त्यांतले दोघे, मी आणि माझी पत्नी, तिसऱ्याची देखभाल करतो. आईला उचलून खुर्चीत बसवताना माझ्याच पाठीत उसण भरते आणि मग पत्नीला दोघांना शेकावे लागते. मुलगा पुण्यात, मुलगी गोव्यात. सीमाभागातल्या निम्म्या घरांची हीच रचना असावी, असे आजूबाजूला पाहून वाटते.

आई खानापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी वडिलांच्या पश्चात अकरा वर्षे एकटी राहिली. आम्ही तिला टाकले होते असे कोणी समजू नये. तिलाच बेळगावचे बंद दाराचे घर मानवत नव्हते. पहाटे उठून चुलीवर पाणी तापवायचे, दोन भाकऱ्या थापायच्या, सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची आणि दिवेलागणीला शेजारच्या मुलीकडून मला फोन लावून घ्यायचा, असा तिचा दिवस होता. गावातली माणसे बाजारात भेटली की 'म्हातारी अजून खणखणीत आहे' म्हणत, आणि मीही त्यावर विसंबलो. आज हिशेब मांडतो तेव्हा कळते की शेवटची दोन वर्षे ती खणखणीत नव्हती. रक्तदाबाची गोळी ती कधी दोनदा घेई, कधी विसरे. बँकेत जाणे तिने सोडून दिले होते आणि त्याचे कारण गर्दी हे सांगत होती. खरे कारण अंगठा उमटत नाही हे होते. बाजाराची पिशवी शेजारीण आणून देई. तिला चालता येत होते, स्वतःच्या हाताने जेवता येत होते, म्हणून सगळे ठीक आहे असे आम्ही धरून चाललो.

आमच्या न्हाणीचा उंबरा चार बोटे उंच आणि दगडी आहे, आणि चार पिढ्यांच्या ओल्या पायांनी तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला आहे. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिथे तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. दूध घालायला येणाऱ्या पोराने हाक मारली म्हणून कळले. तोवर ती दोन तास ओल्या फरशीवर पडून होती. बेळगावातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली, शस्त्रक्रिया करणाऱ्यांविषयी माझी काडीची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती सातव्या दिवशी, घरी सोडले त्या क्षणापासून. हातात इंग्रजीतला दोन पानी कागद आला, परिचारिकेने घाईघाईत कन्नडमध्ये काहीतरी समजावले आणि बिल भरून आम्ही बाहेर पडलो. माझे कन्नड बाजारहाटापुरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे त्या कागदावर होतेही, पण ते वाक्य मला सापडले तेव्हा उशीर झाला होता. बाराव्या दिवशी आईच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लालसर डाग दिसला. घाम आला असेल म्हणून आम्ही त्याला पावडर लावली. ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती आणि ती जखम भरून यायला चार महिने लागले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की या प्रसंगात पैसा कमी पडला नव्हता, माणसांची माया कमी पडली नव्हती आणि डॉक्टरही कमी पडले नव्हते. कमी पडली ती माहिती. कोणत्या अवस्थेतल्या वृद्धाला नेमकी कोणती मदत लागते आणि ती देणारे जिल्ह्यात कोण आहे, हे सांगणारे एकही टेबल, एकही कागद, एकही माणूस आम्हाला भेटला नाही.

म्हातारपणाविषयी आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: मुलगा सांभाळतो का, आणि नसेल तर वृद्धाश्रमात ठेवणार का. जणू एकीकडे घराचा उंबरा आणि दुसरीकडे आश्रमाचे फाटक, मधे रस्ताच नाही. वास्तविक वृद्धांची देखभाल हा ज्यांचा अभ्यासाचा विषय आहे ते वेगळ्याच प्रश्नाने सुरुवात करतात: हा माणूस रोजच्या कोणत्या गोष्टी स्वतः करू शकतो? अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली अशा सहा गोष्टींची मोजणी प्रसिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि हाताने जेवणे, या त्या सहा. हे काम खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या निरीक्षणातून उभे राहिले होते, हे वाचले तेव्हा मला आमची न्हाणी आठवली. पुढे १९६९ साली दुसरी एक यादी आली, ती जरा वरच्या पायरीवरच्या कामांची: फोन लावणे, बाजार करणे, स्वयंपाक, घर आवरणे, कपडे धुणे, प्रवास करणे, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचे व्यवहार पाहणे. बहुतेकांचे हात आधी या दुसऱ्या यादीतून सुटतात. आईच्या बाबतीत औषध, बँक आणि बाजार ही तीन कामे पडण्यापूर्वी दोन वर्षे सुटली होती. ती यादी त्या वेळी कोणी आमच्या हातात ठेवली असती, तर 'खणखणीत' या शब्दावर आम्ही विसंबलो नसतो.

या दोन याद्या हाताशी धरल्या की घर आणि आश्रम यांच्या मधल्या पायऱ्या दिसू लागतात. ज्याची फक्त बाजार आणि बँकेची कामे अडतात त्याला घर सोडण्याचे काही कारण नाही. त्याला आठवड्यातून दोनदा येणारे कोणीतरी, गोळ्यांचा वारांप्रमाणे कप्पे असलेला डबा आणि न्हाणीत धरायला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा पुरतो. (दांडा बसवायला प्लंबरने आमच्याकडून साडेसातशे रुपये घेतले. खुब्याच्या शस्त्रक्रियेचा आकडा मी इथे लिहीत नाही.) ज्याला दिवसा एकटे ठेवणे धोक्याचे आहे, पण रात्री मुले-सुना घरी असतात, त्याला दिवसभराचे केंद्र लागते. ज्याला अंघोळ आणि शौचाला हात लागतो, त्याला शिकलेली मदतनीस रोज घरी यायला हवी किंवा मदतनीस असलेल्या निवासात जागा हवी. जो पूर्ण अंथरुणाला आहे, नळीने जेवतो किंवा ज्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, त्याला शुश्रूषेची सोय असलेली जागा लागते, आणि साधा वृद्धाश्रम ही ती जागा नव्हे. या शेवटच्या मुद्द्यावर फार घरांची फसगत होते. आई-वडील चालते-फिरते असताना आश्रमात जागा मिळते. पुढे ते अंथरुणाला खिळले की 'आता घेऊन जा' असा फोन येतो. आश्रमवाल्यांचाही त्यात दोष काढता येत नाही, कारण 'स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश' ही अट पहिल्याच दिवशी अर्जावर छापलेली असते. ती आपण वाचत नाही.

आता सरकारच्या हाती काय आहे ते पाहू. कर्नाटक शासनाची संध्या सुरक्षा योजना ६५ वर्षांवरील गरजूंना दरमहा १२०० रुपये देते. आमच्याकडे दिवसा येणारी मदतनीस दिवसाला ५०० रुपये घेत असे, म्हणजे महिन्याच्या पेन्शनमध्ये ती अडीच दिवसही आली नसती. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी मोफत मिळू शकते, ही चांगली योजना आहे. पण तिचे शिबिर कधी आणि कोठे भरते हे गावात शिबिर उरकल्यावर कळते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कार्ड आणले. ते रुग्णालयातल्या खाटेपुरते आहे. घरच्या खाटेवर सहा महिने जे करावे लागते त्याला त्यात जागा नाही, आणि म्हातारपणाचा खर्च व दमणूक तिथेच आहे. 'शक्ती' योजनेने ११ जून २०२३ पासून बायकांना बसचे तिकीट माफ झाले, त्याबद्दल शासनाचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण बसची पहिली पायरी माझ्या आईच्या गुडघ्याच्या वर येते, तिचे काय करावे हे मला सुचलेले नाही.

राहता राहिला वृद्धाश्रम. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ यातील १९ वे कलम सांगते की राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, याप्रमाणे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारावेत आणि त्यात निदान १५० जणांची सोय असावी. कायद्यातला शब्द 'उभारावेत' असा नसून 'उभारू शकेल' या धाटणीचा आहे, आणि त्या एका क्रियापदात अठरा वर्षे निघून गेली. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. त्या वेळी देशात साठीवरच्या माणसांचे प्रमाण ८.६ टक्के होते. तेच प्रमाण इथे लावले तरी त्या वर्षी जिल्ह्यात सुमारे चार लाख ज्येष्ठ होते असे धरता येते. चार लाखांत १५० जागा! त्यामुळे आश्रम वाढवा एवढेच मागून भागणार नाही, कारण यांतल्या बहुतेकांना आश्रमात जायचेही नाही आणि जाण्याची गरजही नाही. त्यांना मधल्या पायऱ्या हव्या आहेत.

त्या पायऱ्यांपैकी सर्वांत सोपी आणि स्वस्त पायरी ग्रामपंचायतीच्या हातात आहे. मजुरीला जाणाऱ्या आयांच्या लहान मुलांसाठी शासनाने 'कूसिन मने' ही पाळणाघरांची योजना २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात चार हजार ग्रामपंचायतींसाठी जाहीर केली. मुलांना दिवसभर सांभाळण्याची जबाबदारी पंचायत घेऊ शकते, हे एकदा मान्य झाले आहे. मग सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हाताऱ्या माणसांना बसता येईल, गरम जेवण मिळेल, रक्तदाब तपासला जाईल आणि दुपारी आडवे होता येईल अशी एक खोली प्रत्येक मोठ्या गावात का निघू नये? येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, नंदगड यांसारख्या गावांत देवळाचा मंडप असतो, समाजभवन असते. लग्नसराई सोडली तर वर्षातले बहुतेक दिवस तिथे कुलूप असते. भजनी मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, दुपारी पारावर बसणारी माणसे तर आहेतच. पारावर बसणाऱ्या पुरुषांची सोय गावाने पूर्वीच करून ठेवली आहे. म्हाताऱ्या बाईला मात्र पार नसतो. ती घरात, अंधाऱ्या माजघरात, टीव्ही चालू असो वा नसो, एकटीच बसलेली असते. दिवसाचे केंद्र पहिल्यांदा तिच्यासाठी हवे, आणि त्यात जाजमावर बसवू नका, हाताच्या खुर्च्या ठेवा, कारण जमिनीवर बसलेली बाई उठताना पडते.

दुसरी पायरी घरी येणाऱ्या मदतनिसांची. आज या कामाला येणाऱ्या बहुतेक जणी कोणतेही शिक्षण न घेता येतात. त्यांना वृद्धाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यावे, जखम कशी ओळखावी, डायपर किती वेळाने बदलावे, गिळताना ठसका लागला तर काय करावे, हे कोणी शिकवलेले नसते. त्या अनुभवाने शिकतात आणि तो अनुभव आमच्या आई-वडिलांच्या अंगावर घेतला जातो. त्यांना सुटी नसते, ठरलेला पगार नसतो, आणि एजन्सीमार्फत आल्या तर पगारातला मोठा वाटा मधल्यामध्ये जातो. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नर्सिंगची महाविद्यालये आहेत आणि बचत गटांचे जाळे आहे. तालुक्याच्या ठिकाणी तीन महिन्यांचा वर्ग काढून, शिकलेल्या मदतनिसांची यादी पंचायतीत लावून आणि ताशी दर ठरवून देऊन हे काम मार्गी लागू शकते. केरळने २००८ साली वेदनाशामक देखभालीचे धोरण आखले आणि तिथल्या स्थानिक संस्थांच्या नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे आशा कार्यकर्ती गरोदर बाईचे घर जाणते, बाळाची लस जाणते. त्याच गल्लीत खाटेवर पडलेल्या आजोबांची नोंद मात्र तिच्या वहीत कोणत्या रकान्यात करायची हे ठरलेले नाही. वर सांगितलेल्या दोन याद्या मराठीत आणि कन्नडमध्ये छापून तिच्या हातात द्या, वर्षातून एकदा सत्तरीवरच्या प्रत्येकासाठी भरून घ्या, आणि त्यासाठी तिला वेगळा मोबदला द्या. फुकटात तिच्यावर आणखी एक काम लादू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, जी निवेदनांत सहसा येत नाही. आपल्या समाजात देखभाल 'कुटुंब' करते असे म्हणतात तेव्हा ती सून करते किंवा न लग्न झालेली मुलगी करते. माझ्या घरी माझ्या पत्नीने केली. तिने निवृत्तीनंतर संवादिनी शिकायला घेतली होती. पेटी तीन वर्षे कपाटावर आहे. भारतीय संस्कृतीत वृद्धाश्रम बसत नाहीत, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या पुरुषांनी शेवटचे डायपर कधी बदलले, हे विचारायला हवे.

आता भाषेविषयी. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन महिने आमच्याकडे येणारी मदतनीस बैलहोंगलकडची होती. मनाने फार चांगली, हात हलका. तिला मराठी येत नव्हते आणि आईला कन्नड. ती दर थोड्या वेळाने विचारी, 'नोवु ऐतेनु?', म्हणजे दुखते आहे का? आईला त्यात 'नऊ' एवढेच ऐकू येई. वेळ सांगते आहे असे समजून ती मान डोलावी किंवा हलवी, जसे सुचेल तसे. त्यानुसार वहीत 'वेदना आहे' किंवा 'नाही' अशी नोंद होई. आईच्या तोंडी मात्र दुखण्याचे दहा प्रकार होते. पाय ठणकतो, कमरेत चमक मारते, मांडीला रग लागलीया, टाचेला मुंग्या आल्यात, पोटात कळ येते, भोवळ येते. ठणका म्हणजे आत पू धरला असण्याची शक्यता, मुंग्या म्हणजे नस दबल्याची, रग म्हणजे नुसते अवघडणे. हा फरक डॉक्टरला लागतो, आणि तो आमच्या घरी पोहोचलाच नाही. स्मृतिभ्रंशात हे आणखी कठीण होते, कारण पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. हयातभर कचेरीत उत्तम कन्नड बोललेला कारकून आजारपणात फक्त आईच्या मराठीत पाणी मागू लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते, आजोबा मुद्दाम बोलत नाहीत.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत असे आहे की जिथे त्यांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात. पाट्यांवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आणि होतील, त्यात मी पडत नाही. पण रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, पेन्शनचा अर्ज, आश्रमाचा करार आणि ज्येष्ठांच्या पोटगीचे अर्ज चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची नोटीस या चार गोष्टी म्हाताऱ्या माणसाला वाचता किंवा वाचून दाखवता येतील अशा भाषेत असाव्यात, यात वादाला जागा कोठे आहे? हेच लातूर-सोलापूरच्या सीमेवरच्या कन्नड म्हाताऱ्यांना मराठी कागदाबाबत लागू आहे, हेही मी मान्य करतो.

शेवटचा विषय घर आणि शेताचा, कारण देखभालीचे निम्मे प्रश्न सातबाऱ्यापाशी येऊन थांबतात. (आपल्याकडे त्याला उतारा म्हणतात, पण बाई-माणसे अजून सातबाराच म्हणतात.) 'सगळे मुलाच्या नावावर केले म्हणजे तो सांभाळील' या समजुतीने बक्षीसपत्र करून देणारे आई-वडील मी माझ्याच नात्यात तीन पाहिले. वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमानुसार अशा व्यवहारात, मूलभूत गरजा भागवण्याची अट घालून मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले. पण उदारपणाच्या भरवशावर कोणी राहू नये. द्यायचेच असेल तर देखभालीची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, आणि माझे मत विचाराल तर हयातीत देऊच नये, मृत्युपत्र करावे.

पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करता येतो. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत. मुलगा पुण्यात किंवा मुंबईत असला तरी आई जिथे राहते तिथे अर्ज चालतो, ही सहाव्या कलमातली तरतूद सीमाभागासाठी फार मोलाची आहे आणि ती जवळजवळ कोणालाच माहीत नाही. वकील लागत नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, अपवाद म्हणून आणखी तीस दिवसांत, निकाल द्यायचा असतो. पोटगीची कमाल मर्यादा मात्र कायद्यातच महिना १०,००० रुपये लिहिलेली आहे आणि २००७ नंतर तूरडाळीपासून डायपरपर्यंत काय काय कितीला गेले हे सर्वांना ठाऊक आहे. मर्यादा बदलणे आपल्या हातात नाही, हे मी जाणतो. पण प्रत्येक प्रांताधिकारी कार्यालयाबाहेर या चार ओळी दोन्ही भाषांत लिहून लावणे, आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पंचायतीच्या, रेशन दुकानाच्या आणि पोस्टाच्या भिंतीवर रंगवणे आपल्या हातात आहे.

आश्रमांविषयी एकच मागणी करतो. जिल्ह्यात बामणवाडीच्या शांताईसारख्या लोकांच्या आधारावर उभ्या असलेल्या संस्था आहेत, तशाच कोणाच्याही नजरेत न येणाऱ्या, बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आठ खाटा टाकून चाललेल्या जागाही आहेत. त्या सर्वांची एक यादी आपल्या कार्यालयाने करावी: अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात का, रात्री जागे असणारे माणूस आहे का, डॉक्टर किती दिवसांनी येतो, अनामत रक्कम परत मिळते का, आणि तिथल्या मदतनिसांना कोणकोणत्या भाषा येतात. वर्षातून दोनदा, न कळवता, जेवणाच्या वेळी कोणीतरी जाऊन पाहावे. पुण्या-मुंबईकडून आई-वडिलांसाठी जागा शोधणारी मुले आज फक्त छायाचित्रे पाहून निर्णय घेतात, आणि छायाचित्रात बाग नेहमी हिरवीच असते.

आई आता वॉकर धरून सोप्यापर्यंत येते. सोपा म्हणजे आमच्या वडगावच्या फ्लॅटची बाल्कनी. तिच्या लेखी तो सोपाच. गावी परत जायचे तिने अजून सोडलेले नाही आणि मी न्हाणीचा उंबरा गेल्या मे महिन्यात फोडून सपाट करून घेतला आहे. आठवड्यातून पाच दिवस येणारे माणूस आणि दिवसा बसायला जागा गावात मिळाली, तर तिला तिथे ठेवायला मी तयार आहे.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. ती माझ्या शेजाऱ्यांनी करून दिली. त्यांच्या सासूबाई सध्या कोल्हापुरात लेकीकडे अंथरुणाला खिळून आहेत, आणि तिथे रोज येणाऱ्या मावशींना कन्नड समजत नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वडगाव, बेळगाव